राजीनामा आणि कबुलायत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या जयंती सोहळ्यास मायदेशाहून एक नेते प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. त्यांचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. फ्रांकफुर्टच्या बाहेर भाड्याने घेतलेले सभागृह माणसांनी भरून गेले होते. व्यासपीठावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती, मागे निळे झेंडे लावले होते. पाहुण्यांनी नुकताच एक पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात प्रवेश केला होता आणि तेथे त्यांना पदही मिळाले होते. आपण हे सर्व तत्त्वासाठी केले, असे त्यांनी भाषणात तीन वेळा सांगितले. भाषण संपल्यावर येथेच जन्मलेली, गिम्नाझियममध्ये शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "काका, तुम्ही तत्त्वासाठी पक्ष सोडला म्हणता. मग त्यात तुमचं काय गेलं?"

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी घाईघाईने ध्वनिक्षेपक हाती घेतला, "पाहुण्यांना असं विचारायचं नसतं, बेटा," असे म्हणत तिला खाली बसवले, आणि शाल, पुष्पगुच्छ व छायाचित्रांचा कार्यक्रम सुरू झाला. तिला गप्प बसवणाऱ्यांत आम्हीही होतो. हे आम्ही लाजेने कबूल करतो. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे वागणे चूक होते. प्रस्तुत लेख हे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

राजीनामा हा शब्द आपल्या भाषेत फारसीतून आला. 'राजी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे कागद. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात या कागदाला एक जोडीदार असे. जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. आमच्या वडीलधाऱ्यांनी 'राजीनामा-कबुलायत' हा जोडशब्द तलाठ्याच्या दप्तरी अनेकदा ऐकला असेल. त्या व्यवहारात सोडणारा एक असे आणि घेणारा दुसरा असे. आजच्या राजकारणाने मात्र त्यात मोठीच सुधारणा केली आहे! आता एकच गृहस्थ एका हाताने राजीनामा लिहितो आणि दुसऱ्या हाताने कबुलायत लिहितो. बहुधा कबुलायतीवरची शाई वाळल्यानंतरच राजीनाम्याचा कागद पुढे ओढला जातो. अशा व्यवहारास तत्त्वनिष्ठा म्हणायचे असेल, तर जमिनीच्या दलालासही तत्त्वज्ञ म्हणावे लागेल.

मग तत्त्वासाठी दिलेला राजीनामा कसा असतो? त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या देशात आपण राहतो, कर भरतो, मुले वाढवतो, त्याच देशाच्या इतिहासात त्याचे ठळक उदाहरण आहे. त्या गृहस्थांचे नाव डॉ. गुस्ताव हाइनेमान.

हाइनेमान यांचा जन्म १८९९ साली झाला. ते कायद्याचे पंडित होते आणि हिटलरच्या काळात नाझी सत्तेच्या हस्तक्षेपास विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट चळवळीचे कार्यकर्ते होते. युद्धानंतर ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि एसेन शहराचे महापौर झाले. १९४९ मध्ये कोनराड आडेनाउअर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री होते. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि ऑगस्टच्या अखेरीस आडेनाउअर यांनी मंत्रिमंडळास न विचारता अमेरिकन उच्चायुक्तांकडे एक गुप्त निवेदन दिले. पश्चिम युरोपच्या संरक्षणासाठी जर्मन सैन्यदल उभारण्याची तयारी त्यात दर्शवलेली होती. युद्ध संपून अवघी पाच वर्षे झाली होती. शहरांतील ढिगारे अजून उपसून झाले नव्हते. हाइनेमान यांनी तत्काळ राजीनामा देऊ केला आणि ऑक्टोबर १९५० मध्ये ते मंत्रिपदावरून दूर झाले. त्यांचे म्हणणे दुहेरी होते. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाच्या पाठीमागे घेणे लोकशाहीस धरून नाही, हे एक. दोन महायुद्धांत जर्मनांच्या हातचे शस्त्र काढून घेतले गेले असताना ते पुन्हा उचलण्याची घाई करू नये, कारण त्यामुळे देशाचे दोन तुकडे कायमचे होतील, हे दुसरे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हाइनेमान यांनी प्रथम मंत्रिपद सोडले, पक्ष सोडला नाही. पुढील दोन वर्षे ते पक्षात राहून आणि जनतेत जाऊन आपले म्हणणे मांडत राहिले. १९५१ मध्ये हेलेने वेसेल यांच्यासमवेत त्यांनी युरोपच्या शांततेसाठी एक चळवळ उभारली. या वेसेलबाई जर्मन राज्यघटनेच्या चार शिल्पकार स्त्रियांपैकी एक होत्या आणि त्यांनीही याच प्रश्नावर आपल्या पक्षाचा त्याग केला. पक्षात आपल्या म्हणण्यास जागा उरली नाही अशी खात्री झाल्यावर १९५२ च्या उत्तरार्धात हाइनेमान यांनी पक्ष सोडला आणि अखिल जर्मन लोकपक्ष स्थापन केला. १९५३ च्या निवडणुकीत या पक्षास अवघी १.२ टक्के मते मिळाली. संसदेत जाण्यासाठी पाच टक्के लागतात! त्या निवडणुकीत त्यांनी ज्या गटाशी हातमिळवणी केली, त्याला पूर्व जर्मनीच्या साम्यवाद्यांचे पाठबळ होते, त्यामुळे त्यांच्यावर संशयही घेतला गेला. ही त्यांची चूक होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. धर्मसभेच्या अध्यक्षपदावरही त्यांना १९५५ नंतर राहता आले नाही. ज्या सैन्याला त्यांनी विरोध केला ते सैन्य त्याच वर्षी उभे राहिले. मंत्री असलेला माणूस पुन्हा वकिलीची पुस्तके उघडून बसला. त्या मुलीने हाइनेमान यांना विचारले असते की तुमचे काय गेले, तर त्यांना यादी द्यावी लागली असती.

आता आपल्या घराकडे वळू. हाइनेमान यांनी ज्या बॉनमध्ये मंत्रिपद सोडले, त्याच बॉनच्या विद्यापीठात १९२१ साली एका तरुण भारतीय विद्यार्थ्याने आपले नाव नोंदवले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तो विद्यार्थी तेथे फार काळ राहिला नाही. पण हाइनेमान यांच्यानंतर बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर १९५१ मध्ये, त्यानेही स्वतंत्र भारताचे कायदामंत्रिपद सोडले. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या त्या राजीनाम्याविषयी आपण दरवर्षी भाषणे ऐकतो. परंतु तो कसा दिला गेला याकडे आपले लक्ष नसते.

बाबासाहेब काँग्रेसचे सभासद नव्हते. ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते म्हणून १९४७ मध्ये मंत्रिमंडळात गेले. हिंदू कोड बिल त्यांनी चार वर्षे पुढे रेटले. विरोध वाढला तेव्हा संपूर्ण विधेयकाऐवजी केवळ विवाह आणि घटस्फोट एवढाच भाग आधी संमत करून घेण्याची तडजोडही त्यांनी मान्य केली. सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमे मंजूर झाल्यावर तेही विधेयक सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना राजीनाम्याचे पत्र लिहिले. संसदेत निवेदन करण्याचा आपला हक्क बजावण्यास ते उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत आधी दाखवा अशी अट त्यांना घालण्यात आली. ती अट त्यांनी मानली नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि आपले निवेदन त्यांनी वृत्तपत्रांस दिले.

ते निवेदन प्रत्येक घरात वाचले गेले पाहिजे. त्यात आक्रस्ताळेपणा नाही, कोणाच्या आईबापाचा उद्धार नाही, भावनेचा पूर नाही. त्यात कारणे आहेत. मागासवर्गीयांकडे आणि अनुसूचित जातींकडे सरकारने केलेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाला डावलून समित्यांत होणारे निर्णय आणि हिंदू कोड बिलाचा बळी, अशी ती कारणे आहेत. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी लष्करावर खर्च होतात, असा आकडा त्यांनी दिला आणि हा बोजा चुकीच्या परराष्ट्र धोरणामुळे पडतो असे प्रतिपादन केले. खातेवाटपाबाबतची स्वतःची नाराजीही त्यांनी लपवली नाही. मोठा माणूस तो, जो आपल्या नाराजीला तत्त्वाचा अंगरखा घालत नाही. नाराजी नाराजी म्हणून सांगतो आणि तत्त्व तत्त्व म्हणून सांगतो.

आणि पुढे काय झाले? १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले. ज्या माणसाने या देशाची राज्यघटना लिहिली, त्याला लोकसभेची पायरी चढता आली नाही. हिंदू विवाहाचा कायदा १९५५ मध्ये आणि वारसा, पालकत्व, दत्तक यांचे कायदे १९५६ मध्ये संमत झाले, तेव्हा ते कायदामंत्री नव्हते. कोट्यवधी हिंदू स्त्रियांना हक्क मिळाले आणि त्यासाठी खुर्ची सोडणारा माणूस १९५६ सालीच आपल्यातून निघून गेला.

याच संदर्भात आणखी एक नाव घेतले पाहिजे, जे आपण सोयीस्करपणे विसरतो. ते म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले, तेथील घटना परिषदेच्या पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्ष झाले आणि कायदा व कामगार खात्याचे मंत्री झाले. दलित आणि मुसलमान या दोन पीडित समाजांची एकजूट होईल, हा त्यांचा विश्वास होता. पूर्व बंगालात त्यांच्याच समाजावर अत्याचार झाले आणि सरकारने डोळे मिटले, तेव्हा ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना दीर्घ राजीनामापत्र लिहिले. त्यात घटनांची तपशीलवार नोंद आहे. आपला विश्वास चुकीचा ठरला, हे त्यांनी जगापुढे मान्य केले. पश्चिम बंगालात त्यांना पुन्हा राजकीय स्थान मिळाले नाही. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या महिन्यात मंडल यांनी कराचीचे मंत्रिपद सोडले, त्याच महिन्यात हाइनेमान यांनी बॉनचे मंत्रिपद सोडले. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, परंतु विवेकबुद्धीला देशाची सीमा नसते.

या सर्वांच्या आधीचा, आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा राजीनामा कोणता, हे बौद्ध वाचकांस सांगावे लागू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसल्याचे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. संघाचा सभासद असलेल्या सिद्धार्थाने सभेत उभे राहून विरोध केला आणि मतदानात तो हरला. सैन्यात दाखल होण्याची सक्ती आली तेव्हा त्याने नकार दिला. मृत्यू किंवा देशत्याग, आणि कुटुंबावर बहिष्कार व जमिनीची जप्ती, अशी संकटे समोर असता त्याने कुटुंबाला वाचवून स्वतः परिव्रज्या पत्करली. बहुमताचा निर्णय मोडण्यासाठी त्याने वेगळा शाक्य संघ काढला नाही! कोलियांकडे जाऊन त्यांचे सेनापतिपद मागितले नाही! राजीनामा झाला, पण कबुलायत कोठेच नव्हती.

वरील उदाहरणांतून आम्हास चार कसोट्या दिसतात. पहिली : सोडण्यापूर्वी आत राहून, सभेत, लेखी स्वरूपात आपले म्हणणे मांडले होते काय? दुसरी : सोडताना कारणे जनतेपुढे स्पष्ट ठेवली काय, की 'घुसमट होत होती' एवढेच सांगितले? तिसरी : सोडल्यामुळे काय गमावले? आणि चौथी : सोडल्यानंतर ते काम चालू ठेवले काय, की कारणच विस्मरणात गेले?

या कसोट्या कठोर आहेत असे कोणी म्हणेल, तर त्यांनी या देशातील आणखी दोन उदाहरणे पाहावीत. १९८२ मध्ये फ्री डेमोक्रॅटिक पक्षाने सोशल डेमोक्रॅटांची साथ सोडून दुसऱ्या बाजूशी सरकार बनवले. इन्ग्रिड मातेउस-मायर या खासदार बाईंना हे मान्य नव्हते. त्यांनी पक्ष सोडला आणि त्याबरोबर खासदारकीही सोडली. जर्मन राज्यघटनेच्या ३८ व्या कलमाप्रमाणे खासदार केवळ आपल्या विवेकास बांधील असतो. पक्ष सोडला तरी आसन जात नाही. म्हणजे कायद्याने त्यांना आसन सोडण्याची सक्ती नव्हती. तरीही ते त्यांनी सोडले आणि १९८३ मध्ये नव्या पक्षातर्फे मतदारांपुढे जाऊन पुन्हा निवडून आल्या. दुसरे उदाहरण साबीने लॉयटहॉयसर-श्नारेनबेर्गर यांचे. नागरिकांच्या घरात गुप्तपणे ध्वनियंत्रे लावून संभाषण ऐकण्याचा अधिकार पोलिसांना द्यावा, असा कौल डिसेंबर १९९५ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सभासदांनी दिला. त्यांनी न्यायमंत्रिपद सोडले, परंतु पक्ष सोडला नाही. १९९८ मध्ये त्यासाठी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. मार्च २००४ मध्ये घटना न्यायालयाने त्या कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. २००९ मध्ये त्या पुन्हा त्याच खात्याच्या मंत्री झाल्या.

आता मायदेशी काय घडते ते पाहा. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल यांनी अल्पावधीत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द सर्व भारतीय भाषांना मिळाला. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यास 'फूट' म्हणून मोकळीक होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढली, परंतु दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडीच राहिली. म्हणजे एकट्याने केले तर गुन्हा आणि घाऊक केले तर राजकारण! या कायद्याने विवेकासाठी एकट्याने उभे राहणाऱ्यास शिक्षा ठेवली आणि टोळीने जाणाऱ्यास वाट ठेवली. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा प्रत्येक गटाने आपणच मूळ विचाराचे वारस असल्याचा दावा केला आणि फुटून निघालेल्यांनी सत्तेत स्थान घेतले. आमची बाजू कोणतीही असो, प्रश्न एकच आहे. त्यात तुमचे काय गेले?

परंतु दुसऱ्यांच्या घरातील धूळ दाखवणे सोपे असते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच तो गटागटांत विभागला गेला. गटांना विचारांची नावे पडली नाहीत, नेत्यांच्या आडनावांची पडली! १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली आणि एकजुटीचे बळ काय असते ते देशाने पाहिले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने तरुणांना स्वाभिमान दिला आणि दोन वर्षांतच तिच्यातही फूट पडली. १९९८ मध्ये चार रिपब्लिकन नेते एकाच वेळी, तेही खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेत गेले. त्या वेळी येथील अनेक घरांत आनंदाने साखर वाटली गेली. ती एकजूटही टिकली नाही. सर्वच फुटी स्वार्थापोटी झाल्या असे आमचे म्हणणे नाही. काहींच्या मुळाशी खरे वैचारिक मतभेद होते. जातीचा प्रश्न आधी की वर्गाचा, आघाडी कोणाशी करावी, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. परंतु चार कसोट्या लावल्या तर किती राजीनामे उत्तीर्ण होतील, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजावे.

आणि यात दोष केवळ नेत्यांचा आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे की नाही. परदेशस्थ आंबेडकरी समाजाने या रोगास खतपाणी घातले आहे. कोणताही गट फुटला की महिन्याभरात त्याचे पुढारी युरोपात येतात आणि आपण त्यांना शाल देतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाचे येतात, त्यांनाही आपण तीच शाल देतो. आपण देणग्या देतो आणि हिशेब मागत नाही. दोघांबरोबर काढलेली छायाचित्रे दिवाणखान्यात शेजारी शेजारी लावतो. याला आपण उदारता म्हणतो. परंतु जो सर्वांना सारखाच हार घालतो तो कोणाचाच सन्मान करीत नाही. ज्याने खरोखर पद सोडून हालअपेष्टा सोसल्या, त्याच्या गळ्यातही तोच हार पडतो. यापेक्षा त्याचा मोठा अपमान कोणता?

याच्या उलट दुसरेही एक पाप आपण करतो. एखादा कार्यकर्ता खऱ्या कारणासाठी बाजूला झाला, तर त्याला आपण 'गद्दार', 'फुटीर', 'समाजद्रोही' म्हणतो. त्याच्या घरी लग्नाला जात नाही. आपल्या येथील मंडळांत हिशेबाचा प्रश्न विचारून कार्यकारिणीतून बाहेर पडलेल्या भावांना आपण किती वर्षे टाळले, हे आठवून पाहा. ज्या समाजाने बहिष्काराचे चटके शतकानुशतके सोसले, त्याने आपल्याच माणसावर बहिष्कार टाकावा, हे कोणत्या धम्मात बसते? कोसंबीच्या भिक्षूंचे भांडण मिटेना, तेव्हा तथागत स्वतः त्यांना सोडून वनात गेले. त्यांना कोणी फुटीर म्हटले नाही. कोसंबीच्या उपासकांनी मात्र भांडणाऱ्या भिक्षूंना भिक्षा देणे बंद केले आणि त्यानंतरच ते भिक्षू शुद्धीवर आले. उपासकांच्या हाती केवढी शक्ती असते, हे या कथेत सांगितले आहे. ते उपासक म्हणजे आज आपण आहोत.

काही ज्येष्ठ बंधू म्हणतात, "राजीनामा देऊन काय साधते? आत राहूनच लढावे." या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच आम्ही पहिली कसोटी आत राहून लढण्याची ठेवली. बाबासाहेब चार वर्षे आत राहून लढले. परंतु आत राहण्यालाही एक मर्यादा असते. ज्या दिवशी आपले तेथे असणे हेच अन्यायाला झाकणारे पांघरूण होते, त्या दिवशी ती मर्यादा संपते. दुसरे बंधू म्हणतात, "ज्याने सोडले तो शेवटी हरलाच ना?" राजीनाम्याचा खरेपणा निकालावरून ठरत नाही. हाइनेमान यांनी विरोध केलेले सैन्य १९५५ मध्ये आले आणि बाबासाहेबांनी मागितलेला विवाहाचा कायदाही १९५५ मध्येच आला. एकाचे म्हणणे पडले, दुसऱ्याचे उभे राहिले. दोघेही राजीनामा देतानाच खरे होते.

हाइनेमान यांची कथा मात्र १.२ टक्क्यांवर संपली नाही. १९५७ मध्ये त्यांनी आपला लहानसा पक्ष विसर्जित केला आणि ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. येथे वाचक विचारील, ही कबुलायत नव्हे काय? प्रश्न योग्य आहे. परंतु मंत्रिपद सोडल्यापासून मध्ये सात वर्षे गेली होती आणि ते ज्या पक्षात गेले तो विरोधी बाकांवर होता. जानेवारी १९५८ मध्ये त्यांनी संसदेत आडेनाउअर यांच्या धोरणाचा आठ वर्षांचा हिशेब मांडला. १९६६ मध्ये, म्हणजे राजीनाम्यानंतर सोळा वर्षांनी, ते न्यायमंत्री झाले. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना समान संधी द्यावी असा आदेश जर्मन राज्यघटनेत १९४९ पासून होता, पण वीस वर्षे तो कागदावरच राहिला होता. तो कायद्यात उतरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि १९६९ मध्ये तो कायदा झाला. ज्या मुलांचा दोष नव्हता त्यांना जन्मावरून हीन लेखणे थांबावे, हा त्यामागचा विचार. जन्मावरून हीन लेखणे म्हणजे काय, हे आपणास कोणी समजावून सांगावयास नको! ५ मार्च १९६९ रोजी ५०६ विरुद्ध ५१२ मतांनी ते जर्मनीचे राष्ट्रपती म्हणून निवडून आले. १९७४ मध्ये दुसऱ्यांदा उभे राहण्यास त्यांनी नकार दिला. खुर्ची सोडण्याची सवय शेवटपर्यंत मोडली नाही. त्यांच्या त्या पडलेल्या पक्षातील तरुण कार्यकर्ते योहानेस राउ १९९९ मध्ये राष्ट्रपती झाले. बी लहान असले तरी खरे असले की उगवते.

म्हणून आमची आपणा सर्वांस विनंती आहे. यापुढे आपल्या संघाच्या व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येक नेत्यास, तो कोणत्याही गटाचा असो, निमंत्रणपत्रासोबतच वरील चार प्रश्न लेखी पाठवावेत. भाषणानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान येथे जन्मलेल्या मुलामुलींना द्यावा. पाहुण्यांना भोजन द्यावे, आदर द्यावा, राहण्याची सोय करावी, कारण आतिथ्य हा आपला धर्म आहे. परंतु शाल मात्र उत्तरे ऐकल्यानंतरच द्यावी. ज्यांनी काही गमावून आपला शब्द राखला अशा गावोगावच्या अप्रसिद्ध कार्यकर्त्यांना शोधून काढावे आणि आपल्या देणगीचा वाटा प्रथम त्यांच्या वसतिगृहांना, त्यांच्या वाचनालयांना द्यावा. आणि संघातून मतभेदाने बाहेर पडलेल्या प्रत्येक कुटुंबास येत्या बुद्धपौर्णिमेस आपण स्वतः घरी जाऊन बोलवावे.

ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, उपदेशकाच्या थोरवीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. त्या दिवशी सभागृहात ती शिकवण केवळ एका शाळकरी मुलीने आचरणात आणली आणि आम्ही, पंचशील तोंडपाठ असलेली वडील माणसे, तिला खाली बसवीत होतो. ती आता मोठी झाली आहे, दुसऱ्या शहरात शिकते आहे आणि आमच्या कार्यक्रमांना येत नाही. तिनेही आपला राजीनामा दिला आहे, आणि तिच्या बाबतीत चारही कसोट्या पूर्ण होतात. तिने आत राहून विचारले. कारण सर्वांसमक्ष सांगितले. आपल्या माणसांची संगत गमावली. आणि तिचा प्रश्न अजून चालू आहे. तिने परत यावे असे आम्हास मनापासून वाटते. परंतु आधी आम्ही बदलल्याचे तिला दिसले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!